ब्रिटनमधल्या बिल्डिंग सोसायटीचा रेग्युलर सेव्हर: खातं निवडण्यापासून मुदत संपेपर्यंत

ब्रिटनमध्ये नोकरीला लागून वर्ष-दीड वर्ष झालं, घरभाडं, कौन्सिल टॅक्स, मुलांच्या नर्सरीचा खर्च यांचा मेळ बसला की महिन्याला शे-दोनशे पौंड शिल्लक पडायला लागतात. बहुतेक मराठी घरांत ते एक तर करंट अकाउंटमध्ये बिनव्याजी पडून राहतात, नाही तर सगळेच भारतात जातात. मधला एक चांगला रस्ता आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. बिल्डिंग सोसायटीत, म्हणजे सभासदांच्या ठेवींतून घरकर्ज देणाऱ्या संस्थेत, रेग्युलर सेव्हर उघडायचा, दर महिन्याला ठरलेल्या मर्यादेत पैसे भरायचे आणि वर्षानं व्याजासकट उचलायचे. आपल्या आवर्ती ठेवीचाच हा भाऊ. मात्र याचे नियम सोसायटीगणिक बदलतात, आणि फायदा-तोटा जाहिरातीतल्या दरापेक्षा त्या नियमांवर जास्त ठरतो. म्हणून हा लेख नियमांबद्दलच जास्त बोलतो.

बिल्डिंग सोसायटी म्हणजे काय, आणि पैसे सुरक्षित आहेत का

१७७५ साली बर्मिंगहॅममधल्या गोल्डन क्रॉस या खानावळीत काही लोक एकत्र आले, वर्गणी काढू लागले आणि त्या पैशांतून एकेकाचं घर बांधू लागले. तिथून ही चळवळ पसरली. आज चाळीसच्या आसपास सोसायट्या उरल्या आहेत. नेशनवाइड सगळ्यांत मोठी, तिच्या मागे कॉव्हेंट्री, यॉर्कशायर, स्किप्टन, लीड्स. वेल्समध्ये प्रिन्सिपॅलिटी, उत्तर आयर्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह, कार्लाइलकडे कंबरलँड. बाकीच्या बऱ्याच एकेका गावाच्या किंवा परगण्याच्या. यांना भागधारक नसतात. बहुतेक खातेदार आणि कर्जदार हेच सभासद, आणि वार्षिक सभेत शिल्लक कितीही असो, प्रत्येकाला एकच मत. कायद्यानं यांचं किमान ७५ टक्के कर्जवाटप राहत्या घरांच्या तारणावर असावं लागतं आणि निम्मा तरी निधी सभासदांच्या ठेवींतून यावा लागतो. सभासदांच्या ठेवी हीच यांची शिदोरी असल्यामुळे दर महिन्याला नेमानं पैसे आणणारा माणूस यांना हवाच असतो. रेग्युलर सेव्हरवर चढा दर मिळतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

‘सोसायटी’ आणि ‘ठेव’ हे शब्द एकत्र ऐकले की २०१९ मधली पीएमसी बँक आणि दारात ताटकळलेले ठेवीदार आठवतात. त्यामुळे आपली माणसं बिचकतात, आणि ते साहजिक आहे. महाराष्ट्रातल्या पतसंस्थेतल्या ठेवींना डीआयसीजीसीचं, म्हणजे भारतातल्या ठेव विमा महामंडळाचं, विमासंरक्षण नाही, सहकारी बँकेतल्या ठेवींना ते ५ लाख रुपयांपर्यंत आहे. ब्रिटनमधल्या बिल्डिंग सोसायट्यांना मात्र बँकांइतकंच संरक्षण आहे. बँक किंवा सोसायटी बुडाली तर एफएससीएस ही ठेवीदारांच्या भरपाईची योजना १ डिसेंबर २०२५ पासून प्रत्येक माणसामागे, प्रत्येक परवान्यामागे १ लाख २० हजार पौंडांपर्यंतची रक्कम भरून देते. त्याआधी ही मर्यादा ८५ हजार होती. ‘परवान्यामागे’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण दोन वेगळ्या नावांची खाती एकाच परवान्याखाली असू शकतात. चेल्सी हा यॉर्कशायरचाच ब्रँड आहे, दोन्हीकडची रक्कम एकत्र धरली जाते. महिन्याला दोनशे भरणाऱ्याला ही मर्यादा गाठायची वेळ येणार नाही, पण घर विकून मोठी रक्कम हातात आली असेल तर पाहून घ्या.

दर ६ टक्के, मग २,४०० पौंडांवर १४४ का मिळत नाहीत

हा प्रश्न प्रत्येक नवा खातेदार पहिल्या वर्षाच्या शेवटी विचारतो आणि आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं. फसवलेलं नसतं. समजा, तुम्ही महिन्याच्या सुरुवातीला २०० पौंड भरता आणि दर ६ टक्के आहे. पहिला हप्ता खात्यात बारा महिने राहतो, दुसरा अकरा, शेवटचा फक्त एक. सगळे मिळून वर्षभराची सरासरी शिल्लक होते १,३०० पौंड. त्यावर ६ टक्के म्हणजे ७८ पौंड. भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोड्या जास्त रकमेवर वर्षाचं व्याज मिळतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे हिशेब सोपे जातात.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, सहा महिन्यांच्या खात्यावर ८ टक्के दिसले तर हरखून जाऊ नका. महिना २०० पौंडांनी सहा महिन्यांत त्याचं व्याज २८ पौंड होतं. वाईट नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा नवं खातं शोधायचा खटाटोप आला, आणि तोवर दर उतरलेले असू शकतात.

दुसरी गोष्ट, हातात आधीच २,४०० पौंड असतील तर काय? समजा, कधीही पैसे काढता येतात अशा साध्या बचत खात्यावर ४ टक्के मिळत आहेत. सगळे तिथेच ठेवले तर वर्षाचे ९६ पौंड. त्याऐवजी तिथून दर महिन्याला २०० पौंड ६ टक्क्यांच्या रेग्युलर सेव्हरमध्ये सरकवत गेलात तर रेग्युलर सेव्हरचे ७८ आणि साध्या खात्यात उरत जाणाऱ्या रकमेवरचे ४४, मिळून १२२ पौंड होतात. दर मी हिशेबासाठी धरले आहेत, तुम्ही चालू दर घालून पाहा. पण पाया हाच: रेग्युलर सेव्हरची तुलना त्या महिन्याचे पैसे एरवी जिथे पडून राहिले असते त्या जागेशी करायची.

आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर आधी ती फेडा. त्या व्याजापुढे कुठलाच सेव्हर टिकत नाही.

समरी बॉक्स वाचायची सवय

प्रत्येक बचत खात्याच्या माहितीपत्रकात ‘समरी बॉक्स’ नावाचा ठरावीक प्रश्नांचा तक्ता असतो. दर किती, तो बदलू शकतो का, पैसे कसे काढायचे, बारा महिन्यांनी अंदाजे किती होतील, हे सगळं त्यात असतं. दहा मिनिटं काढून तो नीट वाचा. मी स्वतः खालच्या क्रमानं वाचतो.

आधी दर: फिक्स्ड की व्हेरिएबल? फिक्स्ड असेल तर मुदतभर दर पक्का. व्हेरिएबल असेल तर बँक ऑफ इंग्लंडनं दर उतरवल्यावर तुमचाही उतरू शकतो. दर उतरत असताना थोडा कमी पण फिक्स्ड दर मला जास्त भरवशाचा वाटतो.

मग मर्यादा. महिन्याला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? काही खात्यांत एखादा महिना शून्य भरला तरी चालतं, काहींत ठरलेली रक्कम दर महिन्याला भरावीच लागते, काहींत वर्षाला एकच हप्ता चुकवायची मुभा असते आणि त्यापुढे दर घसरतो किंवा खातं बंद होतं. हुकलेल्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्यात जोडून भरता येतात का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी येत नाहीत.

आता सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचा: त्या खात्याचा ‘महिना’ कुठला? बऱ्याच सोसायट्या कॅलेंडरचा महिना धरतात, १ तारीख ते महिनाअखेर. अशा ठिकाणी २६ मार्चला खातं उघडून लगेच मार्चचा हप्ता भरला तर १ एप्रिलला एप्रिलचा भरता येतो. सहा दिवसांत दोन हप्ते आत, आणि ते सबंध मुदतभर व्याज कमावतात. मुदत खातं उघडल्या तारखेपासून बारा महिने असेल आणि हप्त्यांच्या संख्येवर बंधन नसेल, तर पुढच्या मार्चच्या पहिल्या तारखेला तेरावा हप्ताही बसतो. काही सोसायट्या मात्र खातं उघडल्याच्या तारखेपासून महिना मोजतात. १७ तारखेला उघडलं तर १७ ते १६. तिथे १ तारखेची घाई करून उपयोग नाही, उलट एकाच ‘महिन्यात’ दोन हप्ते गेले तर दुसरा परत येतो.

पैसे काढण्याचे नियम तीन प्रकारचे. कधीही काढा, मोजक्या वेळा काढा, किंवा मुदत संपेपर्यंत अजिबात नाही, फार तर खातं बंद करा आणि त्यासाठी दंड म्हणून काही दिवसांचं व्याज सोडा. नेशनवाइडच्या फ्लेक्स रेग्युलर सेव्हरचं उदाहरण घ्या: महिन्याला २०० पौंडांपर्यंत भरता येतात, वर्षात तीन वेळा पैसे काढता येतात, चौथ्यांदा काढले की दर पडतो, आणि त्यासाठी त्यांचं करंट अकाउंट असावं लागतं. आणखी एक मेख अशी की बऱ्याच खात्यांत काढलेले पैसे पुन्हा भरता येत नाहीत. महिन्याची मर्यादा वापरून झालेली असते.

शेवटी पात्रता. काही खाती फक्त शाखेत पासबुकावर मिळतात, काही ठरावीक पोस्टकोडच्या रहिवाशांनाच, काही ठरावीक तारखेच्या आधीपासून सभासद असलेल्यांनाच. म्हणून तुमच्या गावात स्थानिक सोसायटी असेल तर तिथे थोड्या रकमेचं साधं खातं आजच उघडून ठेवा असं मी प्रत्येकाला सांगतो. पुढे जुन्या सभासदांसाठी राखीव खातं निघालं तर दार उघडं असतं.

अर्ज भरताना आपलं नाव कुठे अडतं

ऑनलाइन अर्ज वीस मिनिटांचं काम. लागतं ते इतकं: गेल्या तीन वर्षांचे पत्ते, नॅशनल इन्शुरन्स नंबर, ईमेल, मोबाइल आणि स्वतःच्या नावावरचं ब्रिटनमधलं करंट अकाउंट. या शेवटच्याला ‘नॉमिनेटेड अकाउंट’ म्हणतात आणि सेव्हरमधले पैसे बहुधा फक्त तिथेच परत जातात.

अर्ज पाठवला की सोसायटी तुमची ओळख संगणकावरच पडताळते. तिथे आपली मंडळी अडकतात, आणि कारण बहुतेक वेळा नावच असतं. महाराष्ट्रातल्या पद्धतीनं पासपोर्टवरच्या ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. ऑफिसच्या पगारपत्रकावर फक्त पहिलं नाव आणि आडनाव, बँकेत वडिलांचं नाव ‘मिडल नेम’ म्हणून, वीजबिलावर नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर गुंता आणखी वाढतो. उपाय एकच: पासपोर्टवर आहे तसंच नाव सगळीकडे करून घ्या, निदान करंट अकाउंट आणि मतदार यादीत तरी.

हो, मतदार यादीत. भारतीय नागरिक हे कॉमनवेल्थचे नागरिक, त्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्या प्रौढ भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. ओळख पडताळणारी यंत्रणा ही यादी बघते. नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते. जाहिरातदारांना मिळणाऱ्या खुल्या यादीतून नाव वगळलं तरी पडताळणीला फरक पडत नाही. इथे येऊन चार-पाच वर्षं झालेल्या कित्येकांना हे माहीत नसतं आणि त्याची किंमत ते प्रत्येक अर्जात मोजतात.

तरीही पडताळणी झाली नाही तर कागदपत्रं मागतात. पासपोर्टची साक्षांकित प्रत आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे कौन्सिल टॅक्सचं बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट. साक्षांकन सॉलिसिटरकडे होतं, पोस्ट ऑफिसातही शुल्क भरून होतं. ते कुणाकडून चालेल याची यादी सोसायटी देते. ती वाचूनच जा. शाखा जवळ असेल तर मूळ कागद घेऊन थेट तिथे गेलेलं बरं. लहान सोसायट्यांच्या शाखांत माणसं निवांतपणे बोलतात आणि प्रश्न जागच्या जागी सुटतो.

अर्जात आणखी दोन खुणा कराव्या लागतात. एक, तुम्ही कुठल्या देशाचे करनिवासी आहात. नुकतेच आला असाल तर त्या वर्षी भारताचेही करनिवासी असू शकता. तसं असेल तर पॅन देऊन खरं लिहा. दुसरी खूण दानाच्या अटीची. ॲबी नॅशनल १९८९ मध्ये आणि हॅलिफॅक्स १९९७ मध्ये सोसायटीच्या बँका झाल्या, तेव्हा सभासदांना फुकट शेअर मिळाले. त्या आशेनं लोक गावोगावच्या सोसायट्यांत नुसती खाती उघडत सुटले. ते थांबवायला बऱ्याच सोसायट्यांनी अट घातली, की असा लाभ पुढे कधी झालाच तर नवा सभासद तो धर्मादाय संस्थेला देईल. तुमच्या ठेवीला किंवा व्याजाला याचा काही संबंध नाही. निर्धास्त सही करा.

स्टँडिंग ऑर्डर लावताना

खातं उघडलं की पहिला हप्ता हातानं भरा, तो पोहोचल्याचं खात्यात दिसू द्या आणि मगच स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे पाठवायची बँकेला दिलेली सूचना, लावा. कारण असं, की लहान सोसायट्यांच्या अनेक खात्यांना स्वतःचा सॉर्ट कोड नसतो. पैसे एका सामाईक खात्यावर जातात आणि तुमचं खातं ओळखलं जातं ते ‘रेफरन्स’च्या रकान्यात तुम्ही लिहिलेल्या रोल नंबरवरून. त्यातला एखादा अंक चुकला किंवा हौसेनं ‘सेव्हिंग’ असं काही लिहिलं तर पैसे अधांतरी लटकतात, आठवड्याभरानं परत येतात आणि तोवर तो महिना हुकतो. नंबर सोसायटीनं पत्रात दिला असेल तसाच लिहा, मधली रेघ असेल तर रेघेसकट. पैसे घेणाऱ्याचं नाव पडताळताना तुमची बँक ‘नाव तपासता आलं नाही’ असा इशारा देऊ शकते. अशा वेळी सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक सोसायटीच्या पत्राशी किंवा तुम्ही स्वतः उघडलेल्या त्यांच्या संकेतस्थळाशी पडताळा. फोनवर कुणी सांगितलेल्या आकड्यांवर कधीही नको.

कॅलेंडर महिन्याच्या खात्यासाठी १ किंवा २ तारीख ठेवा. महिनाअखेरची तारीख टाळा. ३१ तारीख रविवारी आली तर बऱ्याच बँका स्टँडिंग ऑर्डर सोमवारी पाठवतात, म्हणजे पुढच्या महिन्यात. मग एक महिना रिकामा आणि पुढच्यात दोन हप्ते. पगार २८ तारखेला होत असेल तर १ तारीख दोन्ही बाजूंनी सोयीची.

वर्षभर, आणि वर्षानंतर

दोन-तीन खाती झाली की डोक्यात ठेवणं जमत नाही. एका साध्या तक्त्यात सोसायटीचं नाव, उघडल्याची तारीख, दर, महिन्याची मर्यादा, चुकवता येणारे हप्ते, काढण्याचा नियम आणि मुदत संपायची तारीख लिहा. नवरा-बायको दोघांची खाती त्याच तक्त्यात असू द्या. बहुतेक खाती माणशी एक अशी असतात, त्यामुळे दोघांनी वेगवेगळी उघडली तर मर्यादा दुप्पट होते.

पैशांची अडचण आली तर आधी कुठलं खातं मोडायचं हेही तक्त्यावरून कळतं: जिथे दंड नाही आणि दर कमी, ते आधी. आणि सगळीच शिल्लक पैसे न काढता येणाऱ्या खात्यांत घालू नका. आई-वडिलांच्या आजारपणासाठी अचानक मुंबईचं तिकीट काढावं लागतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तीन महिन्यांचा खर्च साध्या खात्यात हाताशी असू द्या, मग उरलेलं इथे.

मुदत संपायच्या काही दिवस आधी पत्र किंवा ईमेल येतो. तुम्ही काही कळवलं नाही तर रक्कम आपोआप साध्या खात्यात वळते, आणि त्याचा दर पुष्कळदा निम्म्यावर असतो. तक्त्यातल्या तारखेच्या दहा दिवस आधीचा गजर लावा. त्या दिवशी तीन कामं करा: जुनी स्टँडिंग ऑर्डर रद्द करा, कारण ती आपोआप थांबेलच असं नाही. पैसे कुठे जातील ते सांगा. आणि नवं खातं उघडायचं असेल तर जुनं बंद होण्याआधी चालेल का ते विचारा. काही सोसायट्यांत जुनं चालू असताना नवं मिळत नाही.

कर

एप्रिल २०१६ पासून बँका आणि सोसायट्या व्याज कर न कापता देतात. बेसिक रेटच्या करदात्याला वर्षाला १,००० पौंड व्याजावर कर नाही, हायर रेटच्या करदात्याला ५०० पौंडांपर्यंत नाही, ॲडिशनल रेटवाल्याला मात्र सवलत शून्य. व्याज मुदतीच्या शेवटी एकदम मिळत असेल तर ते सगळं त्याच करवर्षात धरलं जातं. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. मर्यादेच्या काठावर असाल तर मार्चमध्ये संपणाऱ्या तीन खात्यांपेक्षा दोन मार्चमध्ये आणि एक मेमध्ये संपणारं बरं. सोसायट्या व्याजाचे आकडे एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, स्वतः कळवतात आणि नोकरदारांचा टॅक्स कोड त्यानुसार बदलतो. बचत आणि गुंतवणुकीचं उत्पन्न १०,००० पौंडांच्या वर गेलं तर स्वतः विवरणपत्र भरावं लागतं. मुलांच्या नावे खातं असेल तर आई किंवा वडिलांपैकी एकानं दिलेल्या पैशांवरचं व्याज वर्षाला १०० पौंडांच्या वर गेल्यावर ते त्या पालकाचं उत्पन्न धरतात. आजी-आजोबांनी दिलेल्या पैशांना ही अट नाही.

वारस आणि परतीचा प्रवास

आपल्याकडे खातं उघडतानाच नॉमिनीचं नाव घालतात. ब्रिटनमधल्या बचत खात्यांना तशी पद्धत नाही. खातेदार गेला तर संयुक्त खातं दुसऱ्या खातेदाराकडे जातं, पण एकट्याच्या नावावरचं खातं मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे वाटलं जातं, आणि रक्कम मोठी असेल तर प्रोबेट, म्हणजे मालमत्ता वाटण्याची न्यायालयाची परवानगी, लागतं. ऑनलाइन खात्यांचा कागद घरात येत नाही, म्हणून तो तक्ता जोडीदाराला दाखवा आणि मृत्युपत्र करा.

कायमचं भारतात परतायचं ठरलं तर पत्ता बदलण्याआधी सोसायटीला विचारा. बहुतेक रेग्युलर सेव्हर ब्रिटनच्या रहिवाशांसाठीच असतात. काही चालू मुदत पूर्ण करू देतात, काही बंद करायला सांगतात. नॉमिनेटेड अकाउंट शेवटचा सेव्हर संपेपर्यंत बंद करू नका, नाही तर पैसे परत यायला रस्ताच उरत नाही. परदेशात राहत असताना कमावलेली ठेव परतल्यावरही तिथे ठेवायला फेमा या भारताच्या परकीय चलन कायद्याची परवानगी आहे. पण भारतात तुम्ही पूर्ण रहिवासी ठरलात की आयकर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात, म्हणजे ‘शेड्यूल एफए’मध्ये, ही खाती दाखवावी लागतात, आणि त्यावरचं व्याजही भारतात करपात्र होतं. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं अनेकांना ‘रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि त्या काळात हे परिशिष्ट लागत नाही. तुमचा दर्जा कुठल्या वर्षी बदलतो ते चार्टर्ड अकाउंटंटकडून लेखी घ्या आणि त्या वर्षाचा १ एप्रिल उजाडण्याआधी कुठली खाती ठेवायची, कुठली बंद करायची ते ठरवा.